अर्धं आळं

कामथडीच्या आमच्या शेतात बांधाला लागून एक नारळाचं झाड आहे. झाड आमचं, पण बांधापलीकडचं रान थोरल्या चुलतभावाचं. या माणसाला मी अजून दादा म्हणतो, ती माझी खोड.

नारळ सुपारीएवढे होऊन गळायचे, म्हणून कृषी सहायक बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "खत बुंध्याशी ओतू नका. चार हात लांब गोल आळं खणा आणि त्यात शेणखत, युरिया, पोटॅश घाला."

गोल खणायचं तर निम्मं आळं पलीकडं जाणार. दादा बांधावर येऊन उभाच राहिला. "माज्या हद्दीत कुदळ लावलीस तर तंगडं मोडीन." बाई समजवायला गेल्या, तर त्यांनाही नाही नाही ते बोलला. मी दातओठ खात अर्धंच आळं खणलं आणि दरवर्षी तेवढ्यातच खत घातलं.

यंदा झाड लगडलं. नारळ उतरवले त्या दिवशी हा पोतं घेऊन हजर. "मुळ्या माज्या रानातबी आल्यात. निम्मं नारळ माजं."

मी कुदळ त्याच्या पायाशी टाकली. "व्हय दादा, निम्मं तुमचंच. तुमच्या बाजूचं आळं अजून खणायचं ऱ्हायलंय. खणा."