हट्टीला नेलेली विभूती

“त्यांना वर काढलंच नाही,” चहाच्या टपरीवरचा म्हातारा बाबांना कानडीत हळूच म्हणाला. मी शेजारी उभी होते म्हणून ऐकलं. आजी रस्त्यापलीकडे गाडीत होती.

बिदरहून निघून आमचा दुसरा दिवस. आजीचे वडील निजामाच्या काळात सोन्याच्या खाणीत कामाला गेले. ते मेल्याचा निरोप तेवढा बिदरजवळ मैलूरच्या घरी आला; कुठल्या खाणीत, कसे, ते कुणी सांगितलं नाही. काल वंदलीत खाणीचे बुजलेले जुने खड्डे पाहिले, आज हट्टीची खाण. आजीला एकच विचारायचं होतं, त्यांना नीट बसवलं का. आमच्यात जाळत नाहीत. मेलेल्या माणसाला बसवून, त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर देऊन मग माती देतात. तिनं घरून विभूती आणि बेल आणला होता. बेल कलबुर्गीतच सुकला.

म्हाताऱ्याचा बाप आजीच्या वडिलांच्याच पाळीला खाणीत होता. अपघातात तो वाचला, बिदरकडचे तिघं आत राहिले, आणि पुढं खाणीचं ते तोंडच बंद केलं. बाबांनी हात जोडून त्याला विनवलं, गाडीतल्या बाईला यातलं काही सांगू नका.

मग गावाबाहेरच्या स्मशानात बाबांनी नाव नसलेला एक दगड शोधला आणि आजीला तिथं नेलं. “हे बघ अव्वा. हितंच.”

मी चपलेकडे बघत राहिले. माझी शाळा इंग्रजी, घरात मराठी आणि कानडी, आणि मी तिन्हींत कमीच बोलते. बाबांनी तेच गृहीत धरलं होतं.

आजीनं दगडाला तीन बोटं विभूती ओढली. हात तिथून उचलला नाही.

“लिंग हातात दिलतं का रे?”

“दिलतं की.”

“कुणी? आपलं कोण व्हतं हितं?”

बाबा चष्मा पुसायला लागले. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा दुसरा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला होता. ती डबी आंघोळीलाही उतरत नाही. आमच्यात कुणाचीच उतरत नाही.

“आजी, ते खाणीतच राहिले,” मी म्हणाले. “त्यांना कुणी बसवलं नाही. पण लिंग त्यांच्या गळ्यात होतं.”