दोर्जीची गिनती, निकोसची गिनती

भूतानमध्ये माझं पोस्टिंग दोन वर्षं होतं. मी फौजेत इंजिनिअर्सचा हवालदार. तिथल्या जवानांना पूल उभारायला शिकवायचं, हे काम. सकाळी सहाला फॉलइन, मग गिनती, मग दिवसभर नदीकाठी लोखंड उचलणं.

तिथली भाषा, झोंगखा, मला दोर्जीने शिकवली. तो माझ्या वर्गातला जवान, वय चोवीस. शाळेत ङ हे अक्षर मी फक्त तक्त्यावर पाहिलं होतं. त्याचा उपयोग काय, हे आमच्या गुरुजींनाही ठाऊक नसावं. दोर्जीच्या भाषेत पाच म्हणजे ङा. तो माझ्याकडून ते दहादा म्हणवून घ्यायचा आणि माझा उच्चार ऐकून तोंड लपवून हसायचा. प्रत्येक वाक्याला मात्र 'ला' लावायचा. 'ला' म्हणजे आपलं 'जी'. हुकूम मिळाला की 'लासो ला', म्हणजे 'होय जी'. त्यापुढे एक शब्द नाही.

एका सकाळी नऊ वीसला रस्त्यावर दरड आली. जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. वर माती, काळोख, माझा हात स्टिअरिंगखाली अडकलेला. दोर्जी मागच्या सीटवर होता, मला दिसत नव्हता. तो आकडे म्हणू लागला, मला धीर यावा म्हणून. ची, न्यी, सूम, झी. मला वाटलं, हवा कमी आहे, हा दम घालवतोय.

"दोर्जी, चुप. साँस बचा."

"लासो ला."

दोन वाजता आम्हाला बाहेर काढलं. तो कधी गेला ते मला कळलं नाही. बोलत असता, तर आवाज बसायला लागलेला मला कळला असता. वरच्या खोदणाऱ्यांनाही ऐकू गेला असता. पण मी हुकूम दिला होता आणि त्याने तो पाळला.

रिटायर झाल्यावर पुण्याजवळ रावेतला फ्लॅट घेतला आणि महाळुंग्याच्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर झालो. मागच्या वर्षी नवीन मशीन बसवायला निकोस नावाचा ग्रीक इंजिनिअर आला. चहा पिऊन पिऊन महिन्याभरात तो अर्धा मराठी झाला होता.

त्या दिवशी अकरा चाळीसला आम्ही दोघं माल वर नेत होतो. मालाच्या लिफ्टने झटका दिला, दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि एका बाजूला कलली. ट्रॉलीवरची पेटी सरकली. निकोस पेटी आणि भिंत यांच्यात कमरेपासून खाली चेपला गेला. मी पेटीला पाठ लावली आणि बुटांच्या टाचा समोरच्या पट्टीत रोवल्या. पेटी तेवढ्यावर थांबली. पण निकोसचे गुडघे वाकले असते, तर पेटीची कड थेट छातीवर आली असती. त्याने उभं राहणं भाग होतं. शुद्धीत राहणं भाग होतं.

वॉकीटॉकीवर मेंटेनन्सचा खंडू आला. महाळुंग्याचाच जुना माणूस.

"फौजी, ब्रेक जाम झालाय. दार बी न्हाई सरकत."

"किती वेळ?"

"फायरची गाडी तळेगाव चौकात अडकलीय. अर्धा तास तरी जातोय बघा. तुमी ठीक हाय ना?"

"मी ठीक. गॅस कटर तयार ठेव."

निकोसचा चेहरा पांढरा पडला होता. तो इंग्रजीत काहीतरी पुटपुटू लागला. "बोलू नको, दम वाचव," हे माझ्या ओठांवर आलं. अगदी ओठांवर.

"निकोस, काउंट!" मी ओरडलो. "तुझ्या भाषेत. थांबायचं नाही. मी गप्प झालो तर तू मला शिवी दे."

"एना," तो म्हणाला. "दिओ. त्रिया."

"ची. न्यी. सूम."

तो पेंदे म्हणाला, मी ङा म्हणालो. त्याने ङा म्हणून पाहिलं आणि तशातही त्याला हसू आलं. पुढे ओक्तो, देका. मी चमकलो. त्रिया आणि आपलं त्रि, पेंदे आणि पंच, ओक्तो आणि अष्ट, देका आणि दश. समुद्रापलीकडचा हा माणूस आमच्याच भावकीतला निघाला. शेजारच्या देशातल्या दोर्जीचा एकही आकडा आमच्याशी जुळत नव्हता.

आकडे झाले. मग पाणी. त्याचं नेरो, दोर्जीचं छू. 'पाणी पितो' म्हण, मी म्हणालो. निकोस म्हणाला, पीनो नेरो. आधी पिणं, मग पाणी. दोर्जी मात्र आपल्यासारखं आधी पाणी सांगायचा, मग पिणं. शब्द परके, पण वाक्याची चाल घरची. मोठ्या माणसाला निकोसच्या भाषेतही तू म्हणत नाहीत, तुम्हीच म्हणतात. दोर्जीकडे त्यासाठी 'ला' होताच.

"ही भाषा कोणी शिकवली तुला?" निकोसने विचारलं.

"माझ्या जवानाने."

"कुठे असतो?"

"तू मोज. एना."

मी टाचा आणखी घट्ट रोवल्या. त्याचा आवाज दोनदा बसला, दोनदा मी ओरडून उठवला. बारा पस्तीसला कटरच्या ठिणग्या दिसल्या. बारा पन्नासला पेटी उचलली. पाय मोडला होता. माणूस शाबूत होता.

त्याला स्ट्रेचरवर ठेवताना अॅम्ब्युलन्सची पोरगी म्हणाली, "सर, डोन्ट टॉक. रेस्ट."

निकोसने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं न ऐकता म्हणाला, "एना."

"ची," मी म्हणालो, आणि तिथेच, शॉप फ्लोअरवर, सगळ्यांदेखत रडलो. खंडूने मला खुर्ची दिली. म्हणाला, "बसा फौजी. झालं आता समदं."

झालं नव्हतं. फौजेत दिलेला हुकूम, देणारा मागे घेईपर्यंत लागू असतो. मी दोर्जीला चुपचा हुकूम दिला, तो आजवर मागे घेतला नाही. आज इथे लेखी मागे घेतो.

दोर्जी, बोल.