तिखटाच्या डब्यातलं मत

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या शहर अध्यक्षांनी तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिला. तब्येत इतकी नाजूक, की राजीनामा देऊन चार तळलेल्या सांबारवड्या खाल्ल्या आणि चालत घरी गेले.

मी महाल भागातल्या पक्षाच्या ऑफिसात सतरंज्या टाकायचो, चहा द्यायचो. बायको मात्र वॉर्डाची प्रतिनिधी, प्रत्येक मोर्च्यात वीस बाया घेऊन पुढे. मत तिला होतं, मला नव्हतं. हे ती मला दर जेवणाला ऐकवायची.

अध्यक्षपदाला दोघं उभे होते, एक वकील आणि एक मास्तर. मास्तरांनी आमच्या गल्लीत नळ आणला होता, म्हणून तिचं ठरलेलं होतं.

ऑफिसात मतपेटीच नव्हती. इतक्या वर्षांत कधी लागलीच नव्हती! तिनं घरचा भिवापुरी तिखटाचा डबा रिकामा करून दिला. मी झाकणाला छिन्नीनं चीर पाडली. घाईत डबा पुसला, धुतला नाही.

दिल्लीहून निरीक्षक आले, खिशात लिफाफा घेऊन. बायकोनं सगळ्यांच्या आधी चिठ्ठी टाकली. साहेब पेटी बघायला वाकले आणि शिंकत सुटले. दुसरी चिठ्ठी पडायच्या आधीच, डोळे पुसत पुसत त्यांनी लिफाफा फोडला. एकमतानं निवडून आला एक ठेकेदार, जो उभाच नव्हता. सगळ्यात जोरात टाळ्या मास्तरांनी वाजवल्या.

ती उठली. "साहेब, एकमत कसं झालं? माहं मत तं डब्यात हाये."

"बसा बाई, सर्वांच्या वतीनं झालं."

"माह्या वतीनं कोणी केलं गा?"

सगळी सभा हसली. किटली धरून मीही हसलो.

डबा बगलेत मारून ती घरी चालली होती. वाटेत एवढंच बोलली, "तुम्ही काहून हासले?"

पुढं मी म्हटलं, "आण वं तो डबा, टिनवाल्याकडून चिरेले डाग देऊन बुजवून आणतो."

"मत मोजल्याबिगर डाग द्याचा नाही."

चिठ्ठी पुडीत बांधून तळाशी, वर तिखट. दर पावसाळ्यात चिरेतून ओल शिरून तिखटाचे गोळे व्हायचे, ती ते फोडत बसायची. पण ऐकली नाही.

औंदा ती गेली. तेराव्यानंतर एकट्यापुरती भाजी टाकता टाकता डब्याचा तळ लागला. लाल झालेली चिठ्ठी उलगडली. मास्तरांच्या नावापुढं फुली होती, चांगली दाबून मारलेली.

मोजणी झाली. मास्तर एका मतानं निवडून आले. मी मोठ्यानं जाहीर केलं. या खेपेला कोणी हसलं नाही.

मग डबा घेऊन टिनवाल्याकडे गेलो.