टेकूचा बांबू

त्या काळी खान्देशात बांबूउडी मारणारी मुलगी माझ्या पाहण्यात मी एकटीच होते, त्यामुळे मुलींमधली विजेतीही मीच. यात माझं मोठंसं कौतुक नाही. दुसरी कुणी आलीच नाही, तर मी काय करणार? लग्न होईपर्यंत जळगाव, धुळे, अमळनेर अशा मैदानांवर उडले आणि प्रत्येक वेळी कागदावर माझी उडी म्हणजे नुसतं ‘प्रात्यक्षिक’ होतं. लोक हे ऐकून हसतात. हसू देत. पहिल्याच वेळी आडवी काठी मुलांच्या उंचीवर होती आणि ती तिथं ठेवून घ्यायला मला भांडावं लागलं होतं, एवढं मात्र मी सांगितल्याशिवाय सोडत नाही.

आमचं गाव रावेरच्या बाजूचं. सगळा केळीचा मुलूख. केळ निसवली, म्हणजे तिला घड लागला, आणि तो वजनाला आला की झाड कलतं, म्हणून त्याला बांबूचा टेकू देतात. घड कापला की टेकू मोकळा होतो आणि दुसऱ्या झाडाखाली जाईपर्यंत बांधावर पडून राहतो. असल्याच एका मोकळ्या बांबूवर मी उडायला शिकले. आधी विहिरीचा पाट ओलांडला, मग नाला, मग दोन खुंटांवर आडवी ठेवलेली तुरीची काडी. पडायला केळीच्या वाळक्या पाल्याचा ढीग होताच. तो बांबू सडसडीत होता. वाकायचा, पण कुरकुरायचा नाही, आणि वर नेऊन सोडताना हलकेच ढकलायचा. माय ओरडायची, “पोरीच्या जातीनं एवढं उडू नही वं!” माझे वडील म्हणजे आबा. त्यांचं सगळं लक्ष केळीत.

हायस्कूलला मला जळगावात मावशीकडे ठेवलं. शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकदा मुलांची बांबूउडी चालली होती, तर मी कुणाला न विचारता रांगेत जाऊन उभी राहिले. बाई मला रागवायला येईपर्यंत मी काठीपलीकडे वाळूत पडले होते. मग त्या रागवायचं विसरल्या. पुढे त्यांनीच मनावर घेतलं की धुळ्याच्या स्पर्धेला या पोरीला न्यायचं.

अडचण होती शाळेच्या बांबूची. तो मनगटाएवढा जाड आणि ताठ, जीव काढला तरी वाकायचा नाही. मला माझाच बांबू हवा होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले ती थेट मळ्यात. बांबू विहिरीजवळच्या झाडाखाली होता आणि त्याच्यावर मळ्यातला सगळ्यात मोठा घड रेलला होता. आबांना विचारलं.

“लागल्या घडाचा टेकू काढत नही, पोरी,” आबा म्हणाले. “घड भरू दे.”

“तवर स्पर्धा होऊन जाईल!”

“मंग पुढच्या साली उड.”

मी चिडून जेवले नाही. आबांनी शांतपणे माझ्या वाटची भाकरीही खाल्ली आणि हात धुऊन झोपायला गेले. शेतकऱ्याच्या पोरीनं शेतकऱ्याला अशी गोष्ट मागायला नको होती, हे मला कळत होतं. पण राग काही केल्या जाईना. तसाच राग घेऊन मी जळगावला परतले.

धुळ्याला जायच्या सकाळी बाई आणि मी एसटी स्टँडवर उभ्या होतो. एवढ्यात गर्दीतून एक बांबू येताना दिसला. त्याच्याखाली आबा होते. रावेरहून पहाटेची गाडी धरून आले होते, आणि येता येता दोन-तीन जणांच्या टोप्या त्या बांबूनं उडवल्या असाव्यात, कारण मागून शिव्या ऐकू येत होत्या.

“घड कापला,” आबा म्हणाले. एवढंच.

कंडक्टर बांबू घ्यायला तयार नव्हता. आबांनी स्वतः टपावर चढून तो बांधला, दोरी दोनदा ओढून बघितली आणि माझ्याकडे न बघता स्टेशनकडे चालू लागले.

धुळ्याला पंचांनी पहिल्याच वाक्यात निकाल लावला, “मुलींना बांबूउडी नाही.” बाई म्हणाल्या, “नियमात नाही म्हणजे मनाई आहे का?” बरीच हुज्जत झाली. शेवटी ठरलं की मुलांचं झाल्यावर मी उडायचं, प्रात्यक्षिक म्हणून, आणि एकदाच.

मुलांचं झालं. जिंकलेला मुलगा ज्या उंचीवरून गेला होता, तिथंच काठी होती. मी परकराचा काचा मारला आणि बांबू उचलला. तेवढ्यात पंच काठीवाल्याला म्हणाले, “मुलगी आहे. दोन वीत खाली घे.”

माझं डोकंच फिरलं. मी बांबू जमिनीवर आपटला.

“काठी होती तिथं ठेवा. नाहीतर मी उडणार नाही.”

“पडशील, हसं होईल.”

“माझं होईल ना? तुमचं नाही.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. पंचांनी खांदे उडवले. काठी पुन्हा वर गेली. इतक्या उंचावरून मी मळ्यातसुद्धा कधी गेले नव्हते. पण बोलून तर बसले होते. धावले. बांबू खाचेत बसला, वाकला आणि मळ्यात ढकलायचा तसाच त्यानं मला वर ढकललं. खाली येताना परकर काठीला घासला. वाळूत पडल्या पडल्या मी वर बघितलं. काठी हलत होती. पडली नाही.

“अरे, हाई तं पोरगी शे!” गर्दीत कुणीतरी ओरडलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पंच म्हणाले, “ठीक. पुढचा प्रकार घ्या.” पदक त्या मुलाला मिळालं. मला रागानं रडू आलं आणि रडत रडतच मी बाईंनी आणलेले शेव-मुरमुरे संपवले.

दुसऱ्या दिवशी बांबूसकट घरी पोचले. मायनं ताट वाढलं. कच्च्या केळ्यांची भाजी होती. फोडी हातात घेतल्या तर त्यांच्या धारा अजून तशाच, चाकूसारख्या. भरलेलं केळं गोल होतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. हे केळं भरायला बराच अवकाश होता. असला घड कुणी व्यापारी घेत नाही.

“खाय,” माय म्हणाली. “तुया बांबूवरचाच घड हाये. चार दिवसांपासून हेच खाऊन राह्यलो.”

मी आबांकडे बघितलं. ते खाली मान घालून जेवत होते.

“काठी कुठी होती?” त्यांनी विचारलं.

“पोरांची होती तिथंच.”

“पडली?”

“नाही.”

“मंग भरला घड,” आबा म्हणाले आणि त्यांनी मायपुढे ताट सरकवून आणखी भाजी मागितली. भाजी तुरट होती, घशाला बसत होती. मीही दोनदा मागून घेतली.