गॅरेजचा पाया मी ठरवला होता

जळोचीतल्या आमच्या गल्लीत मला सगळे इंजिनिअरसाहेब म्हणतात. मी इंजिनिअर नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं नोकरी केली ती स्टोअरमध्ये, नटबोल्ट आणि ग्रीसचे डबे मोजून देण्याची. निवृत्त होऊन इथं घर बांधलं तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा तसं म्हणालं आणि 'नाही' म्हणायला मी जरा उशीर केला. तो उशीर अजून चालूच आहे. हे आधी सांगतो, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला आणि एका चांगल्या मिस्त्रीचं नाव माझ्यामुळं खराब झालं.

चार वर्षांपूर्वी मुलानं त्याची जुनी गाडी मला दिली. ती उन्हात नको म्हणून घराशेजारी गॅरेज बांधायचं ठरलं. इंदापूरकडचे एक मिस्त्री आले. एप्रिल होता. त्यांनी जमिनीतली एक भेग बघून तिच्यात काठी घातली. काठी अख्खी आत गेली.

"साहेब, काळं रान हाय. पाण्यानं फुगतंय, उन्हानं आवळतंय. त्यात शेजारी तात्यांचा ऊस, बारा म्हैनं पाणी. सहा खड्डं मुरमापातुर न्यायचं आन वरनं बीम. सहा फुटांवर मुरूम लागंल."

"किती होतील?"

"नुसत्या पायाचं एक लाख वीस."

गाडीची किंमतही तेवढी नव्हती. दुसरा मार्ग विचारला. सगळी काळी माती काढून तिथं मुरूम भरायचा आणि दाबायचा, नव्वद हजार. मग मी पहार उचलली आणि सगळी ताकद लावून जमिनीवर हाणली. पहार टण्णकन उडाली. माझे खांदे आठवडाभर दुखले, पण त्या क्षणी मी विजयी होतो.

"लोखंड आत जात नाही, तिथं गाडी खचतेय होय? एक फूट खोदा, दगड रचून सोलिंग करा, वर सहा इंच काँक्रीट, त्यावर भिंती. पंचेचाळीस हजारांत बसवा."

"आत्ता दगुड हाय साहेब. पाणी लागलं की लोणी व्हतंय."

"तुम्ही शिकलाय किती?" मी विचारलं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्यांनी पहार उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुमचं घर, तुमचा हुकूम."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नटबोल्ट मोजलेत, जमीन नाही." मी खिडकी लावून घेतली.

दिवाळीपर्यंत गॅरेजची जमीन मधोमध फुगली, मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून वरपर्यंत तडा गेला आणि शटर अडकलं. गाडी आत, आम्ही बाहेर. भवानीनगरच्या लग्नाला एसटीनं गेलो. आहेराचं पातेलं बायकोनं जाताना सगळी वाट माझ्याच मांडीवर ठेवलं. परतलो तर तात्या दारातच उभे.

"साहेब, तुमी सोता उभं राहून केलेलं काम, आन फुटलं कसं वो?"

खरं उत्तर सोपं होतं. मी म्हणालो, "मी सांगितलं तसं केलंच नाही. सिमेंट खाल्लं मिस्त्रीनं."

तात्या मुलाच्या बंगल्याचं काम त्याच मिस्त्रींना देणार होते. ते दुसऱ्याला दिलं. गल्लीतली आणखी दोन कामं तशीच गेली. मिस्त्री भांडायला आले नाहीत. आले असते तर मला बरं वाटलं असतं, थोडा दोष तरी त्यांच्यावर टाकता आला असता.

गेल्या महिन्यात गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका माणसाला तात्या माझ्यादेखत सांगत होते, "त्या सिमेंटचोराला तेवढं बोलवू नका." बायकोनं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी इंदापूरची एसटी धरली.

मिस्त्रींनी आधी चहा दिला. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला तर ठाऊकच हाय." माझा रिकामा कप उचलत म्हणाले, "ते गॅरेज पाडून द्यायला येतो. पर समदी गल्ली हजर पायजे."

रविवारी मी दारोदार जाऊन लोकांना बोलावलं. सगळे जमल्यावर सुरुवात केली, "मी इंजिनिअर नाही. स्टोअरमध्ये होतो."

"मग माझी पाण्याची मोटर कुणी दुरुस्त केली?" तात्या म्हणाले.

"ती चालू झाली होती का?"

तात्यांनी आठवून बघितलं. "न्हाय वो. तुमी बघितल्यावर पुरतीच बसली."

लोक हसले. पुढचं सांगायला मला ते हसणं फार उपयोगी पडलं. पाया कसा असावा हे मिस्त्रींनी सांगितलं होतं, स्वस्तातला मी निवडला, सिमेंट कुणी खाल्लं नाही, खोटं मी बोललो. मग कुणी हसलं नाही.

मिस्त्रींनी तडा गेलेल्या भिंतीच्या पायाशी घण घातला. अर्ध्या तासानं काँक्रीटचा एक तुकडा सुटला. त्यांनी टेप लावून तो सगळ्यांना दाखवला. सहा इंचांना वरच भरला, सळई जागच्या जागी. सोलिंगच्या दगडांखाली सरळ काळी माती.

"सिमेंट हितंच हाय, तात्या. मोजून घ्या."

तात्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि हळूच खाली ठेवला. बराच वेळ धोतराला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, आमच्या कंपाउंडाचं काम काढायचंय. बघता का?"

"बंगल्याचं निघालं तवा मी रिकामा व्हतो," मिस्त्री म्हणाले. "आता म्हैनाभर थांबावं लागंल."

"थांबतो की," तात्या म्हणाले.