गारगोटीतला रंग

गारगोटीवर गारगोटी आपटली की ती आतून उजळते, हे आमच्याकडच्या गुराख्यांनाही माहीत होतं. मला मात्र त्यात शास्त्र दिसलं. घाव जसजसा जोराचा, तसतसा त्या उजेडाचा रंग बदलतो का, हा माझा प्रश्न. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, मी बोर्ली पंचतनच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि नुकतंच लग्न झालं होतं. उत्तर गावात कुणालाच नको होतं, म्हणून मला ते जास्तच हवं होतं. मी जात्याच हट्टी.

रविवारी दुपारी भाताच्या कोठीत प्रयोग चाले. दाराच्या फटींत पोती कोंबायची, पाट्यावर गारगोटी ठेवायची आणि वरवंटा आदळायचा. लोखंडी हातोड्याच्या ठिणग्या उडतात आणि सगळाच घोळ होतो, म्हणून वरवंटा. अडचण एकच. घाव घालताना माझे डोळे मिटत. कितीही ताणून धरले तरी ऐन क्षणी पापणी पडायचीच. मग बायकोला समोर बसवलं. डोळ्यांपुढे खिडकीची काच धरून ती पाहायची आणि रंग सांगायची.

आमच्या घरात दिवसाउजेडी नवरा-बायकोनं बोलायची पद्धत नव्हती. मला चहा हवा का, हेसुद्धा ती आईला विचारायची, आणि आई मला. पण शास्त्रापुढे आईचंही चालेना. ती बाहेरून एवढंच ओरडायची, "अरे, वरवंटा कवा देतोस? चटणी वाटायची हाय!"

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तोवर ती माहेरच्या परसातल्या गोष्टी सांगायची, मी शाळेतल्या नकला करायचो. ती तोंडात पदर कोंबून हसायची. मग मी घाव घालायचो.

"दिसला?"

"दिसला. शेवंतीसारखा पिवळा."

आणखी जोरात मारलं.

"आता गोकर्णीसारखा निळा! अहो, अजून जोरात मारून बघा ना."

त्याहून जोरात मारलं, तर जास्वंद. रंग बदलत होता! माझी छाती फुगली. वर्गात मी ते छातीठोकपणे शिकवून टाकलं.

पुढे एका पावसाळ्यात विषमज्वरानं ती गेली. काही वर्षांनी आईही गेली. घर खायला उठायचं. रविवार तर सरता सरत नसे. वाटायचं, निदान तो उजेड एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. ती दर रविवारी बघत होती तेच आपणही बघावं, एवढीच आस उरली होती.

मी वरवंटा दोरीनं तुळईवरून टांगला आणि दोरीचं दुसरं टोक पाण्यानं भरलेल्या घागरीखाली दाबलं. घागरीच्या तळाला बारीक भोक पाडलं. पाणी गळून ती हलकी झाली की दोरी निसटणार, पण कधी ते मला कळणार नाही. म्हणजे पापणीलाही कळणार नाही. काच धरून तिच्या जागेवर बसलो.

वरवंटा पडला. डोळे उघडेच होते. गारगोटीत नारिंगी उजेड उमटला, पिकल्या सुपारीच्या रंगाचा.

घागर पुन्हा भरली, वरवंटा उंच टांगला. उजेड वाढला, रंग तोच. खाली टांगला, उजेड मंदावला, रंग तोच. शेवंती नाही, गोकर्ण नाही, जास्वंद तर नाहीच नाही.

आधी रागच आला. वर्गासमोर तोंडघशी पाडलंन की मला! मग तिचं ते "अजून जोरात मारून बघा ना" आठवलं आणि उलगडा झाला. रंग एकच आहे असं तिनं सांगितलं असतं, तर प्रयोग पहिल्याच दुपारी आटोपला असता. मग आम्ही बोललो असतो कुठे?

हसलो, आणि हसता हसता रडू कोसळलं. बराच वेळ तसाच अंधारात बसून राहिलो. आता बाहेरून वरवंटा मागायलाही कुणी नव्हतं.