चांदीसकट वजन

वजन करताना लेकराच्या अंगावर काहीही ठेवायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. तरी त्या पोरीचे वाळे मी काढले नाहीत.

माझी अंगणवाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत. पोरगी वर्षाची. आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला, म्हणून दर महिन्याला आजीच तिला घेऊन यायची. पायात आजोळचे चांदीचे जाड वाळे, कमरेला चांदीचा करदोडा. "काढा की," म्हटलं की आजी तिला पदराखाली ओढायची. "नगा बाई, नजर लागती." माझ्या लेकीच्या वेळी मीही काढू दिले नव्हते, वाद कुठल्या तोंडाने घालणार! तशीच काट्यावर ठेवायची, आकडा मोबाईलमध्ये भरायचा. पोरगी पिवळ्यात यायची, म्हणजे मध्यम कुपोषित. लाल आली असती तर दवाखाना, कागदपत्रं आणि सुपरवायझर मॅडमचे दहा फोन. खरं सांगते, पिवळं बघून मला हायसं वाटायचं. पोषण महिन्यात तर दारात कडधान्यांची रांगोळी काढून मी शाबासकीही घेतली.

एक दिवस आजीने तिला मोकळ्या पायांनी आणलं. वाळे आपोआप गळून पडत होते, करदोडाही कमरेवर टिकेना, म्हणून काढून ठेवले होते. काट्यावर ठेवली. लाल. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. महिन्याभरात ती एकदम उतरली नव्हती. इतके महिने मी चांदीच मोजत होते.

त्याच दुपारी रिक्षाने दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाचा घेर मोजला आणि विचारलं, "आधी का नाही आणलंत?" मी मोबाईल पुढे केला. म्हटलं, "पिवळ्यात होती." माझी मलाच शिसारी आली.

संध्याकाळी आई कारखान्यातून तशीच धावत आली, केसांना सुताचे धागे चिकटलेले. पोरीच्या नाकात नळी, रडायचंही बळ नाही. जगेल का, हे कुणीच सांगत नव्हतं.

"बाई, लई केलं तुमी," म्हणत ती माझ्या पाया पडली. "माज्याच दुदात कस न्हाय. मी कामाला गेले आन् हिला उपाशी ठिवलं."

सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

"रडू नकोस गं," एवढंच म्हणाले.